सतराचा पाढा आणि सलालाहचा वारा

ओमानमधल्या आमच्या सबंध सलालाहमध्ये हवेवर इतका संशय घेणारा माणूस दुसरा सापडायचा नाही. माझ्या मुलीचे खेळाचे सर हवा आत घेण्याआधी तिची चौकशी करत. सकाळी मैदानावर आले की बोट जिभेला लावून वर धरायचं, डोळे मिटून नाक चहूकडे फिरवायचं आणि मग निकाल द्यायचा, "आज वाळवंटाकडचा आहे. कोरडा. रुमाल बांधा तोंडाला, आणि अंग गरम झाल्याशिवाय कुणी पळायचं नाही." वारा समुद्राकडचा असला तर गावाकडचं कुणी भेटायला आल्यासारखा त्यांचा चेहरा खुलायचा. खरीफच्या, म्हणजे इथल्या पावसाळ्याच्या दिवसांत धुकं उतरतं, डोंगर हिरवे होतात, लांबून लांबून लोक गाड्या भरून ते बघायला येतात. सर तेव्हा शाळेच्या भिंतींवर बुरशी शोधत हिंडायचे. एकदा तर त्यांनी शाळेच्या मोठ्या बाईंनाच मैदानावरून मागे सारलं. "मॅडम, अत्तर झकास आहे, पण जरा त्या नारळापाशी थांबा की. माझी पोरं इकडं श्वास घ्यायला लागलीत." बाई शर्यतीला झेंडा दाखवायला आल्या होत्या. तो त्यांनी नारळाखालून दाखवला.

याचं कारण असं, की सरांना स्वतःला लहानपणापासून दमा. कोल्हापूरकडच्या त्यांच्या शाळेत बाकीची मुलं पळायची आणि यांना सगळ्यांच्या चपला राखायला बसवायचे. "वहिनी, अख्ख्या वर्गाच्या चपला मी न बघता ओळखत होतो," असं ते हसत सांगायचे. पण धापेचं एखादं मूल बाकावर बसलेलं दिसलं की त्यांचं हसू जायचं. त्या मुलाच्या आईबापाचं घर ते शोधून काढायचेच.

असेच ते आमच्या घरी आले. माझ्या प्रज्ञाला दमा आहे आणि तिला पळायचं वेड आहे. तिचे पप्पा बंदरावर क्रेन चालवतात. त्यांनी साफ सांगितलं होतं, दमेकरी पोरीला पळवायचं नाही, आणि त्या श्वासाच्या पंपाची सवय तर मुळीच लावायची नाही. सर दारातच थबकले. मी नुकतीच बुद्धमूर्तीसमोर अगरबत्ती लावली होती. "वहिनी, मी आत येतो, आधी ती बाहेर जाऊ दे. फूल वाहा, तेवढंच पोचतं." मी कधी परक्या माणसाशी बोलत नाही. मुकाट्याने अगरबत्ती विझवली आणि स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहिले. सरांनी खिशातून सरबत प्यायची नळी काढली आणि ह्यांच्या हातात दिली.

"भाऊ, नाक चिमटीत धरा, ही तोंडात धरा, आणि जिना उतरून परत वर या. श्वास फक्त हिच्यातून."

"हा काय पोरखेळ, सर?"

"पोरांचाच आहे. यल्ला, चला!"

ह्यांना क्रेनच्या उंचीची भीती नाही, पण त्या जिन्याने त्यांना घाम फोडला. अर्ध्या वाटेतच नळी फेकून ते वर आले आणि सोफ्यावर बसले.

"काय झालं, भाऊ?"

"पुरत नाही हो श्वास."

"मग पोरीची नळी मोकळी करणारं औषध ही सवय झाली का? डॉक्टर पळ म्हणतात, आणि तुम्ही नको म्हणता?"

ह्यांनी कपाळावरचा घाम पुसला. मग म्हणाले, "ठीक आहे. पण शाळाशाळांच्या मोठ्या स्पर्धेत एकदा जरी छाती धरून खाली बसली, तर पळणं खलास. मग मला कुणी समजवायला येऊ नका." प्रज्ञा माझा हात घट्ट धरून उभी होती. सर म्हणाले, "कबूल."

त्या दिवसापासून आमच्या घराचा ताबा सरांनी घेतला म्हणायला हरकत नाही. रोजचा पंप सकाळ-संध्याकाळ, त्यावर चूळ. निळा पंप पळायच्या जरा आधी. गाडीत पंप विसरणाऱ्याला तर ते स्वतःच गाडीत कोंडायची धमकी द्यायचे. "तो बी भाजतोय की उन्हात!" दुसऱ्या शाळांत नखं तपासतात, सर रांगेत उभं करून पंप तपासायचे. पण त्यांची खरी करामत म्हणजे पाढे. पळता पळता पाढा म्हणायचा. पाढा सलग आला तर श्वास ठीक, तुटला तर वेग कमी करायचा, तरीही तुटला तर थांबायचं, पंप घ्यायचा, हाक मारायची, लाजायचं नाही. आणि सरांना पाढे फक्त मराठीतच येत. त्यामुळे केरळची, हैदराबादची, तमिळ मुलं मैदानाला फेऱ्या मारताना "सतरा चोक अडुसष्ट" असं ओरडत पळायची. कुणीतरी विचारलं, सर, इंग्रजीत चालेल का? "इंग्रजी पाढा ओठांवर म्हणता येतो. मराठीला पोटातून हवा लागते."

माझ्या प्रज्ञाचं मराठी मात्र सतरा त्रिकला अडखळायचं. "आई, फिफ्टी वनला काय म्हणतात गं? सो डिफिकल्ट!" मी चौथीपर्यंत शिकले, पण पाढे माझे अजून पाठ आहेत. मी चपात्या लाटायची, ती ओट्याभोवती धावायची आणि आम्ही दोघी सतराचा घोकायचो. तिच्या शाळेचं मला येणारं ते एकच काम होतं.

मोठी स्पर्धा थंडीत होती, सगळ्या शाळांची. आठशे मीटर. हे सुट्टी घेऊन आले होते आणि हाताची घडी घालून उभे होते. सरांनी बोट ओलं केलं, वारा चांगला निघाला. प्रज्ञाने पंप घेतला, अंग गरम केलं, रांगेत जाऊन उभी राहिली. आणि तेवढ्यात धुराचा वास आला. धावपट्टीला लागूनच पाहुण्यांचा तंबू होता. तिथे एक वयस्कर ओमानी गृहस्थ मातीच्या धुपाटण्यात लोबान टाकून पाहुण्यांसमोर फिरवत होते. इथे पाहुण्याचा मान असाच करतात, त्याला नको म्हणणं म्हणजे अपमान. धूर सरळ मुलींच्या अंगावर चालला होता. प्रज्ञा खोकली. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, "बघ, म्हणालो होतो."

सर तंबूत गेले. छातीवर हात ठेवून वाकले आणि म्हणाले, "अर्बाब, मालक, तुम्ही बसा. आज हा मान मला द्या." त्या गृहस्थांना इतका आनंद झाला की त्यांनी धुपाटणं सरांच्या हातात दिलं आणि खांद्यावर थोपटलं. सर हसतमुखाने दोन-तीन पाहुण्यांसमोर ते फिरवत फिरवत तंबूबाहेर पडले आणि चालतच राहिले. मैदान ओलांडलं, फाटक ओलांडलं, थेट बसगाड्या उभ्या होत्या तिथे गेले. तिथे शाळांचे ड्रायव्हर चहा पीत बसले होते. आयुष्यात एवढा मान त्यांना कधी मिळाला नसेल. धूप विझवणं तर पाहुणचाराचा अपमान, म्हणून सर तो हातात धरून तिथेच उभे राहिले. आणि शर्यत सुटली.

प्रज्ञा पळाली. मला फक्त तिचे ओठ हलताना दिसत होते. दुसऱ्या फेरीला ओठ थांबले, तिने वेग कमी केला. ह्यांची हाताची घडी सुटली. मग ओठ पुन्हा हलायला लागले. मला काय झालं कळलं नाही, मी सगळ्यांसमोर ओरडले, "सतरा पंचे!" ती पाचवी आली. खाली बसली नाही.

सर आले तेव्हा शर्यत आटोपून पदकंही वाटून झाली होती. डोळे लाल, छातीतून शिटी वाजत होती, एका हातात विझलेलं धुपाटणं, दुसऱ्या हातात स्वतःचा पंप. वर्षभर जिच्यासाठी राबले, तिचं एक पाऊलही त्यांनी पाहिलं नव्हतं. त्यांनी कितवी आली हे विचारलं नाही.

"म्हण," एवढंच म्हणाले.

प्रज्ञाने सतरा एकेपासून सतरा दाहेपर्यंत सगळा पाढा म्हणून दाखवला, कुठेही न तुटता. हे पुढे झाले, सरांच्या हातातलं धुपाटणं घेतलं आणि त्यांना खुर्चीवर बसवलं. म्हणाले, "सर, आता तुम्ही श्वास घ्या."

सर या उन्हाळ्यात कायमचे कोल्हापूरला गेले. विमानतळावर आत जाताना मागे वळून त्यांनी एकदा नाक फिरवलं, तेवढाच निरोप. रोज सकाळी त्यांचा प्रज्ञाच्या फोनवर एकच प्रश्न येतो, वारा कुठला? ती पंप घेऊन चूळ भरत असते, म्हणून मी गॅलरीत जाते. आधी कुणी बघत नाही ना ते पाहते, मग बोट ओलं करून वर धरते. मला फोनवर लिहायला फार वेळ लागतो, पण हे उत्तर मी दुसऱ्या कुणाला लिहू देत नाही. आज लिहिलं, समुद्राकडचा आहे, सर.