विबेकेचा पिवळा बाक

“आपल्या शाळेत कुणी एकटं राहायचं नाही.” हे वाक्य विबेके उठता-बसता म्हणायची. तिच्या धाकाने खाडीवरचे कुरव पक्षीसुद्धा थव्यानेच उडतात, असं गावातले लोक चेष्टेने म्हणत.

डेन्मार्कच्या त्या खाडीकाठच्या गावात ती तिसरीची वर्गशिक्षिका; तिथल्या रीतीप्रमाणे मुलंही तिला नावानेच हाक मारत. हाडापेराने दणकट, आणि माया तर हाडापेराहून दणकट. शुक्रवारी केकचा तास असे. पाळीपाळीने एका मुलाने घरून केक आणायचा आणि सगळ्यांनी मन मोकळं करायचं. मन मोकळं झाल्याशिवाय तुकडा हातात पडत नसे. म्हणून मुलं केक पाहून दुःख काढत. वर चॉकलेटचा जाड थर दिसला की वारलेले आजोबा आठवत. केक सुका निघाला तर सर्दीवर भागे.

अंगणात तिने एक बाक पिवळा रंगवून घेतला होता. एकटं वाटेल त्याने तिथे बसायचं. बघेल त्याने हात धरून त्याला खेळायला न्यायचं. “आणि नको म्हणेल त्याला तर आधी न्यायचं,” विबेके बजावायची. तेव्हापासून धापा टाकणारी मुलंही उभ्या उभ्याच दम खाऊ लागली.

पानगळीच्या दिवसांत कोपनहेगनहून आस्ता नावाची नवी मुलगी वर्गात आली. आईवडील वेगळे झाले होते. शाळेतून घरी परतताना सोबत कुणीतरी असावं, एवढंच तिला हवं होतं. आणि ते कुणीतरी म्हणजे वर्गातली सिग्ने. सिग्ने मधल्या सुट्टीत कुंपणाशी बसून खेकड्यांच्या नांग्या वाळत घालायची.

एके दिवशी धीर करून आस्ता तिच्याजवळ गेली आणि एका नांगीकडे बोट दाखवून म्हणाली, “हा कुणाचा हात?”

“माझ्या काकाचा,” सिग्ने मान वर न करता म्हणाली. “फार चिमटे काढायचा.”

आस्ता हसणार, तेवढ्यात दोघींवर मोठी सावली पडली.

“किती छान!” विबेकेचे डोळे भरून आले होते. “आस्ता, आत्ता तुला आतून काय वाटतंय?”

“काही नाही.”

“सिग्ने, तुला?”

“थंडी.”

विबेके हरणारी नव्हती. तिने दोघींच्या आयांना गाठून खेळगट नेमला, म्हणजे शाळा सुटल्यावर ठरवून एकीच्या घरी जमायचं आणि खेळायचं. दालचिनीचे बन मांडून, दोन आयांच्या देखरेखीखाली, दोघी कागदाच्या चांदण्या कापत बसल्या. जणू तह करायला आलेले दोन देशांचे वकील. त्यानंतर त्या एकमेकींकडे बघायच्याही बंद झाल्या.

थंडी सरताना, एका वाऱ्याच्या दुपारी, आस्ता पुन्हा कुंपणाशी गेली. खिशातून तिने स्वतः शोधलेली नांगी काढली. “तुझी काकू सापडली.”

सिग्ने फिस्सकन हसली. अंगणाच्या पार टोकाला विबेकेने मान वळवली आणि ती निघाली.

“आली,” आस्ता पुटपुटली. “आता विचारणार.”

पण वाटेत विबेकेच्या गुडघ्यात कळ आली. ती क्षणभर टेकली, ती नेमकी पिवळ्या बाकावर. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि एका दमात ओरडल्या, “अरे, विबेके बाकावर बसलीय!”

पहिलीची पोरं चिखलातून धावत आली.

“अरे, सोडा! मी नुसती टेकलेय!”

“सगळे असंच म्हणतात,” मोजे घसरलेली एक चिमुरडी गंभीरपणे म्हणाली. “चल. तू चिखलाचा केक कर. आधी मन मोकळं कर.”

विबेकेने एकदा कुंपणाकडे पाहिलं. विचारायला तोंडही उघडलं. पण दोन्ही हात ओढले जात होते. आपला बाक कामी येतोय, या अभिमानाने तिचा चेहरा उजळला, आणि लंगडत, हसत ती शाळेमागच्या डबक्याकडे निघून गेली.

ती वळणाआड जाईपर्यंत कुंपणाशी दोघी पाहत राहिल्या, तोंडावर हात दाबून, खांद्याला खांदा लावून.