पिना मारलेलं शेवटचं प्रकरण

किस्सा कधी एकटा येत नाही. बेलापूरच्या आमच्या वाचनालयात चार जण चहाला टेकले की एकानं एक काढायचा, दुसऱ्यानं "ते काहीच नाही" म्हणून पुढचा काढायचा, आणि घरी जायला उशीर. त्यातले बहुतेक खुनाचेच असतात. दचकू नका, खून सगळे विलायतेतले.

आमचे ग्रंथपाल नाना, रिटायर्ड मास्तर. जुन्या इंग्रजी डिटेक्टिव्ह कादंबऱ्यांच्या मराठी अनुवादांचं त्यांना भारी वेड. बाहेर धुकं, आत मोठं घर, आठ पाहुणे आणि एक मुडदा! एकदा कुणा महाभागानं अशा कादंबरीच्या बाराव्याच पानावर पेन्सिलीनं लिहून ठेवलं, 'खुनी माळी आहे.' नाना असे भडकले की त्यांनी प्रत्येक कादंबरीचं शेवटचं प्रकरण स्टेपलरच्या पिना मारून बंदच करून टाकलं. आधी खुन्याचं नाव चिठ्ठीवर लिहून बिस्किटाच्या डब्यात टाकायचं, मग नाना पिना काढणार. बरोबर आलं तर शेवटच्या पानावर लाल शाईनं तुमचं नाव, नानांच्या अक्षरात.

त्या पुस्तकातला खुनी माळी नव्हताच. पण तोवर अर्ध्या गावानं चिठ्ठीवर माळीच लिहिला होता.

*

घोडके काकूंची पिठाची गिरणी आहे. दळण टाकून त्या वाचत बसतात. एकदा पुस्तक परत करताना म्हणाल्या, "घरात खून झालाय, आन् ह्यांचं आपलं चहात दूध आधी का मागून तेच चाललंय. इन्स्पेक्टर बी पाव्हण्यांनाच इचारतोय. आरं, मोलकरणीला इचार की! गिरणीत दोन बाया आल्या की गावातलं सगळं कळतं मला."

सगळ्यात जास्त पुस्तकांत नाव काकूंचंच आहे.

*

कॉलेजच्या एका सरांनी मोबाईलवर शोधून खुनी लिहिला. नानांनी चिठ्ठी वाचली आणि म्हणाले, "नाव बरोबर आहे. आता सांगा, संशय कुठल्या पानावर आला?" सरांनी पुन्हा मोबाईल काढला. पुढं वर्षभर त्यांना फक्त पाककृतींची पुस्तकं मिळाली.

*

आणि आमचे बापू. साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते. वीस वर्षं प्रत्येक चिठ्ठीवर त्यांनी एकच लिहिलं, 'डॉक्टर'. कादंबरीत डॉक्टर नसला तरी! का, तर "त्याच्याकडं इख असतं, आन् त्याच्यावर कुनी डाऊट घेत न्हाई."

एकाही पुस्तकात बापूंचं नाव नाही. वरवर हसायचे, पण एकदा मला म्हणाले, "एकदा तरी नानांच्या अक्षरात यायला पायजे राव. मंग डोळं गेलं तरी चालंल." मला फार वाईट वाटलं.

*

नानांना स्वतःला हा खेळ कधी खेळताच आला नाही. पिना मारणारे तेच, त्यांना सगळे खुनी पाठ. गेल्या वर्षापासून मात्र नाना विसरायला लागले. आधी माणसांची नावं, मग घरचा रस्ता. एका दुपारी कपाटामागं पडलेली एक कादंबरी सापडली. पिना मारलेली, पण आमच्यापैकी कुणीच न वाचलेली. नानांनी ती चाळली आणि त्यांचा चेहरा खुलला. "अरे, मला यातला खुनी आठवत नाहीये!" रडावं का हसावं, आम्हाला कळेना.

मग रोज दुपारी बापूंनी त्यांना ती वाचून दाखवली. शेवटच्या प्रकरणाआधी दोघांनी डब्यात चिठ्ठ्या टाकल्या. आम्ही सगळे गोळा झालो, बापूंनी पिना काढल्या आणि वाचायला लागले.

खुनी डॉक्टर निघाला.

काकूंनी तोंडाला पदर लावला. बापूंनी डबा उघडला. नानांच्या चिठ्ठीवर 'पाद्री' होतं, बापूंच्या चिठ्ठीवर नेहमीचंच. नानांनी लाल पेन काढलं, कोरं शेवटचं पान पुढं ओढलं आणि आमच्याकडं बघितलं.

"कोणी ओळखलं रे?"

"तुमीच की, नाना," बापू म्हणाले. "पयल्या झटक्यात."

नानांनी सावकाश स्वतःचं नाव लिहिलं आणि शाई वाळावी म्हणून फुंकर घातली. बापूंनी आपली चिठ्ठी घडी घालून खिशात ठेवली आणि चहा सांगायला उठले.