मुराईचा गुरू

ज्याच्या वळचणीला पिंजरा नाही तो पुरुष अर्धाच, असं आमच्या जावा बेटावरच्या चार पुरुषांसारखं आमच्या ह्यांनाही, म्हणजे कार्सिमिनना, वाटतं. तरुणपणी टेकडीवरच्या रानातून ह्यांनी गाणारी मुराई पाखरं इतकी धरली, की आता रानात एक नाही नि ह्यांच्याकडे एकच, तेही लहान. रानाच्या जागी घरं झाली. वसाहतीचं नाव ‘मुराई उद्यान’. हाकललेल्याचं नाव तरी दारावर ठेवलं, एवढी माणुसकी.

पिल्लू गाणं शिकतं ते जाणत्या पाखराशेजारी पिंजरा टांगून. गुरू नसला, तर रानातली जुनी चाल संपलीच. हाच ह्यांना घोर.

एका सकाळी हे धापा टाकत आले. "अगं, वसाहतीच्या फाटकाशी रानातलं मुराई गातंय. माझ्या बापाच्या वेळची चाल."

"दिसलं का?"

"लाजरं असतं ते. तुला नाही कळायचं."

मग दोन महिने रोज सकाळी हे पिंजरा घेऊन फाटकाशी. पाखरू सगळं शिकलं. शेवटी टिंग-टाँग असं काहीतरी म्हणायचं. हे म्हणाले, "ही रानातली खास हरकत. आता कुणाला येते?"

चावडीपुढच्या स्पर्धेत ते असं गायलं, की दोरीबाहेर आरडाओरडा करणारे पुरुष गप्प झाले. पंच पहिल्या नंबराचं निशाण ह्यांच्या पिंजऱ्याखाली रोवायला वाकले, तेवढ्यात टिंग-टाँग. वसाहतीचा रखवालदार पोट धरून हसला. "काका, हा आमचा फाटकावरचा भोंगा. रान तोडायच्या आधी भरून घेतलेलं गाणं, मग घंटा, मग ‘घरं शिल्लक आहेत’. तुम्ही घंटेलाच पिंजरा झाकून निघायचात."

शेजारचा सुगेंग म्हणाला, "कार्सिमिनकाका, पाखरू दलालीला लावलंत की."

पंचांनी निशाण दुसरीकडे रोवलं. हे घरी येऊन जेवले नाहीत. मी विचारलं, "घंटा सोडा. चाल खरी आहे ना?"

"खरी आहे."

"मग राहू दे."

आठवड्याने तोच सुगेंग आपल्या पिल्लाचा पिंजरा घेऊन दारात. "काका, टांगू का तुमच्याशेजारी?" ह्यांनी खिळा ठोकून दिला.

आता गल्लीत सात पिंजरे आहेत. सातही घरांतून बापाच्या वेळची चाल येते नि मागोमाग टिंग-टाँग. आमच्या दाराची घंटाही तशीच, म्हणून मी आता दार उघडायला उठत नाही. परवा सून खरीच आली होती. अर्धा तास घंटा वाजवत बाहेर उभी.