बिनचेहऱ्याच्या आसरा

ओल्या रंगाचा वास आला की मला माण गावातली भाड्याची खोली आठवते. नोकरीसाठी मी तिथे राहत होते. एका रविवारी गॅलरीत बसून लाकडी फळीवर सातीआसरा, म्हणजे पाण्याच्या सात देवी, रंगवत होते. नदीकाठच्या शेंदूर फासलेल्या दगडावर असतात तशा त्या एका ओळीत उभ्या होत्या. फक्त माझे रंग आजच्या पद्धतीचे, सपाट निळे-गुलाबी होते आणि चेहरे कोरे. कपडे वाळत घालायला आलेल्या घरमालकीणकाकू थबकल्या. "ह्यांना तोंडं का न्हाईत गं?" "आता अशीच काढतात, काकू." त्या फळीजवळ वाकल्या. मग ओळीच्या टोकाच्या सगळ्यांत धाकट्या देवीवर बोट ठेवून म्हणाल्या, "हिला तेवढं तोंड काढ. माझी पोरगी डोहात गेली, आसरांनी नेली म्हणत्यात. त्यांच्यातच आसंल ती." मी फोटो मागितला. तिचा एकही फोटो कधी काढलेला नव्हता. "मी सांगते की," म्हणत त्या शेजारी बसल्या. मी पेन्सिल घेतली. "भुवया लई दाट व्हत्या." मी त्या काढल्या. "आणि डोळे?" काकूंनी स्वतःचे डोळे मिटले, उघडले, पुन्हा घट्ट मिटले. "आवाज येतुया गं तिचा," त्या रडत म्हणाल्या, "तोंडच दिसंना." मी भुवया पुसायला गेले, तर त्यांनी माझा हात धरला. "ऱ्हाऊ दे. तेवढ्या तिच्याच हायेत." ती फळी मी त्यांनाच दिली. त्यानंतर कितीतरी आसरा रंगवल्या. पण धाकटीपाशी आले की ब्रश अजूनही थांबतो.