पहिल्या बोटातला पुष्कराज

मला बोटं वाचता येतात. पत्रिका नाही हो, बोटं. बसमध्ये समोरच्या बाईचा हात दांडीवर दिसला की माझं सुरू. करंगळीत मोती, म्हणजे बाईंचं मन थाऱ्यावर नाही. अनामिकेत पोवळं, म्हणजे मंगळ. मधल्या बोटात नीलम, म्हणजे साडेसातीने गाठलंय. आणि तरण्या मुलीच्या पहिल्या बोटात, अंगठ्याशेजारच्या, पिवळा पुष्कराज दिसला की समजावं, हिचं लग्न जमत नाहीये. आमच्या पेठेत हे निम्म्या बायकांना कळतं. मला तर चांगलंच कळत होतं. तरी माझ्याच लेकीच्या बोटात मी तो घातला.

हे गेल्यावर घरात आम्ही दोघीच. ती अठ्ठावीसची झाली, स्थळं येऊन परत जायला लागली, तशी मी सदाशिव पेठेतच एका ज्योतिषांकडे गेले. म्हणाले, "गुरू दुर्बळ आहे. पुष्कराज घाला. सोन्यात, खालून उघडा, खडा कातडीला लागला पाहिजे. गुरुवारी सकाळी दुधात धुवून घालायचा, आणि लग्न ठरेपर्यंत उतरवायचा नाही." माझ्या दोन बांगड्या मोडून अंगठी केली.

लेक कंपनीत दिवसभर कॉम्प्युटरवर असते. म्हणायची, "आई, टाइप करताना टोचतो गं."

"टोचू दे. त्याशिवाय का लागू पडतो?"

तीन वर्षं टोचला.

मग एक स्थळ आलं. दोघं आधी फोनवर बोलले, आणि त्या फोननंतर ही भांडी विसळताना गुणगुणत होती. असं मी कितीतरी दिवसांत ऐकलं नव्हतं. ती मंडळी यायची त्या दिवशी म्हणाली, "आई, आजच्या दिवस काढून ठेवते. ते गेल्यावर घालीन, शप्पथ."

"वेडी का तू? आजच तर त्याचं काम आहे!"

अंगठी निम्मी निघाली होती. मी माझ्या हाताने परत आत सरकवली.

तिने पोह्यांची बशी पुढे केली. मुलाच्या आईने बशी घेतली, पण नजर बोटावर. मी ओळखलंच. बसमध्ये मी तशीच तर बघते.

"पुष्कराज का? छान आहे. किती वर्षं झाली?"

"तीन," लेक म्हणाली.

"अगंबाई! मग पोह्यांवर हात चांगलाच बसला असेल."

मुलगा हसला. मोठ्याने नाही, पण हसला.

तेव्हा काय बोलायला हवं होतं, ते मला आता रोज सुचतं. पोळ्या लाटताना सुचतं, आंघोळ करताना सुचतं. तेव्हा मी हात जोडून म्हटलं, "ज्योतिषी म्हणालेत, यंदा योग नक्की आहे. तुमच्याच पायगुणाने होईल बघा."

मंडळी गेली. निरोप काय येणार ते कुणी सांगायची गरज नव्हती. लेकीने मोरीत साबण लावून अंगठी काढली. बोटावर पांढरा वळ होता. अंगठी ओट्यावर ठेवून म्हणाली, "ती बाई बोलली त्याचं काही नाही गं. तो हसला त्याचंही नाही. तू त्यांच्या बाजूला जाऊन बसलीस."

"मी तुझ्यासाठीच..."

"हो ना," ती म्हणाली आणि बश्या विसळायला लागली.

पंधरा दिवसांत ती विश्रांतवाडीला भाड्याने राहायला गेली. ऑफिस जवळ पडतं म्हणे. दिवाळीत आली ती सोफ्याच्या कडेवर बसली, फराळाला 'छान झालाय' म्हणाली. पाहुणे म्हणतात तसं.

अंगठी आता माझ्या बोटात आहे. पहिल्याच. सांध्यावर अडत होती, साबण लावून घातली. आता सुजेने निघतही नाही. परवा बसमध्ये शेजारच्या बाईने वाचलंच. "आजी, या वयात पुष्कराज? मुलीचं जमत नाही वाटतं?"

"गुडघ्यांसाठी घातलाय," मी म्हटलं.

"गुडघ्यांना पुष्कराज?"

"तुमचा स्टॉप आला बघा."

दर रविवारी लेकीचा फोन येतो. गुडघे कसे आहेत विचारते, गोळ्या घेतल्यास का विचारते. मी हो म्हणते. 'माझं चुकलं, घरी ये' एवढं तोंडाने म्हणायचं असतं, ते काही होत नाही. ते काम मी अजून खड्यावरच सोपवलंय.