मास्तरांचा लॅग

मोटार ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर शिकायला येणाऱ्यांना माणसांत धरत नसत. शिकवायच्या गाडीत त्यांच्या पायाशी जादा ब्रेक होता. तो दाबताना ते असं तोंड करत, की स्टिअरिंगवर बसलेल्याला गाडीच काय, आपला जन्मच चुकला असं वाटावं. "दिसलं की पाय हलवायचा, यात मध्ये कोण आडवं येतं हो तुमच्या?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न. मालक खपवून घेत, कारण मास्तरांच्या धाकाने लोक लवकर शिकत, नाहीतर लवकर पळून तरी जात.

असा हा गृहस्थ संध्याकाळी घरी येऊन टीव्हीला जोडलेल्या कॉम्प्युटरवर, खेळातलं स्टिअरिंग आणि पेडल मांडून, मोटारींच्या शर्यती खेळे आणि सपाटून हरे.

बायकोला त्याचं दुःख नव्हतं. तिला त्रास होता तो आवाजाचा. ती डबिंगच्या स्टुडिओत होती. एकाच्या ओठांवर दुसऱ्याचा आवाज बसवणं हे तिचं काम. ओठ मिटल्यावर शब्द आला की तिला घासात खडा लागल्यासारखं होई. इकडे हॉलमध्ये मास्तर खाडकन पेडल आपटत आणि टीव्हीतले टायर मागाहून, सवडीने किंचाळत. भाजी चिरता चिरता तिचा जबडा आवळला जाई.

समोर खेळायला तिचाच भाऊ असे, परगावाहून, इंटरनेटवरून, कानाला हेडफोन लावून. "भावोजी, पुढे थांबतो हं!" असं म्हणून तो शर्यतीत पुढे निघून जाई. मास्तर हेडफोन सोफ्यावर भिरकावत.

"अगं, लॅग आहे या मशीनला! मी आत्ता दाबतो, ते मागाहून कळतं त्याला!"

आणि हे खरं होतं, हीच तर चीड आणणारी गोष्ट. पण मास्तरांनी त्यावर केले ते उपाय एकेक बघण्यासारखे. आधी सोनेरी टोकांची केबल आणली. मग शर्यतीच्या गाडीतल्यासारखी खुर्ची आणली, जिच्यात ते आंघोळ घालायला बसवलेल्या बाळासारखे दिसत. कुणीतरी सांगितलं म्हणून गेममधलं व्ही-सिंक, म्हणजे पडद्याच्या तालावर चित्र थांबवून धरणारी सोय, बंद केलं. त्याने उशीर जरा कमी झाला, पण चित्र फाटायला लागलं. वळणावर रस्त्याचा वरचा अर्धा भाग एकीकडे, खालचा दुसरीकडे, जसा घाईत चिकटवलेला वॉलपेपर. व्ही-सिंक लावलं की चित्र अखंड, पण उशीर परत हजर. मास्तर रोज एकदा लावत, एकदा काढत आणि दोन्ही वेळा हरत.

शेवटी दुकानदाराने त्यांच्या गळ्यात खास गेमिंगचा मॉनिटर मारला. मास्तरांनी तो एक संध्याकाळ जोडला, सेटिंगला हातही लावला नाही, "केवढासा आहे हा, डबा!" म्हणाले आणि परत टीव्हीकडे गेले. मॉनिटर खोक्यात. खोकं दिवाणाखाली. झाडू मारताना ते रोज तिच्या आडवं येई.

एका रविवारी सकाळीच भावाने पुन्हा धुतलं आणि मास्तरांचा आरडाओरडा सुरू झाला, तेव्हा तिने हातातली सुरी ठेवली.

"उठा."

"का?"

"उठा म्हटलं ना."

तिने मॉनिटर काढून जोडला. बसून वाचलं, शोधलं. तुमचा टीव्ही चित्र गोंडस करत बसतो आणि मग दाखवतो, तिथेच निम्मा उशीर, असं ती पाठमोरीच म्हणाली. मॉनिटरचा चित्र बदलण्याचा वेग तळाला पडून होता, तो वर नेला. कॉम्प्युटरातल्या ग्राफिक्स कार्डाकडून चित्र पुरं झालं की तेव्हाच दाखवायचं, अशी सोय त्याच्यात होती, ती सुरू केली. खेळ सेकंदाला जितकी चित्रं काढतो, त्या फ्रेम्सना मॉनिटरच्या वेगाच्या किंचित खाली लगाम घातला. मग पेडल दाबून पाहिलं. पाय आणि टायर, दोघे एकदम बोलले. रस्ता कुठेही फाटला नाही. तिला इतकं बरं वाटलं, की तिने आणखी दोनदा उगीचच दाबलं.

"घ्या. आता मशीनचं नाव काढू नका."

मास्तर बसले, भावाला बोलावलं. पहिल्याच वळणाच्या कितीतरी अलीकडे त्यांनी ब्रेक मारला आणि मागून येणाऱ्याने त्यांना उडवलं. पुढच्या वळणाला त्यांनी स्टिअरिंग आधीच फिरवलं आणि गाडी आतल्या भिंतीत.

"भावोजी, रस्ता विचारायला थांबलात का?" हेडफोनमधून भाऊ खिदळला.

ती दारात उभी होती. मास्तरांना काय झालंय ते तिला लख्ख दिसलं. इतकी वर्षं हा माणूस वळण दिसायच्या आधीच ब्रेक मारत आला होता. उशिराची इतकी सवय जडली होती, की आता सगळं वेळेवर घडत होतं तर हाच आधी पोचत होता. काहीच न दिसता अंदाजाने एवढी वर्षं शर्यत पुरी करणं ही तशी ऐऱ्यागैऱ्याची गोष्ट नव्हती. पण हे नवऱ्याला सांगण्यापेक्षा तिने जीभ तोडून घेतली असती.

"अहो, नव्याने शिका की. लोकांना शिकवता ना?"

"मला? मला शिकायला सांगतेस?" मास्तर लाल झाले. "तूच काहीतरी बिघडवलंस यात. चांगलं चाललं होतं माझं!"

"चांगलं? रोज हरत होतात!"

"माझ्या पद्धतीने हरत होतो!"

ती परत भाजीकडे वळली. दुपारी ती पाणी प्यायला उठली, तर मास्तर गुडघ्यांवर बसून मुकाट्याने टीव्हीची केबल खोचत होते. संध्याकाळी पेडल वाजलं आणि टायर मागाहून किंचाळले. मास्तर सगळ्यांत शेवटी आले. पण आले, आणि गुणगुणत जेवायला बसले. शेजाऱ्यांना सांगत होते म्हणे, की सेटिंग सगळं स्वतः केलंय.

मॉनिटर तिने आतल्या खोलीत आपल्या टेबलावर नेला. आता ती घरीच डबिंग तपासते, दार लावून.