शिजवलेल्या डाळीचे काय होते

तुमच्या आजोबांच्या मांडीचे ऑपरेशन झाले. आतले हाड जुळले, पण वरची जखम मिटेना. डॉक्टरांनी रक्त तपासले आणि म्हणाले, "प्रोटीन फार कमी आहे. अंडी खा."

आजोबा म्हणाले, "पुढचं बोला."

मग डाळ, दूध, दही यांवर भर द्यायचे ठरले आणि ते काम माझ्याकडे आले.

मी इंग्रजी साहित्य शिकलेली. तरी जे करायचे ते आधी नीट समजून घेण्याची माझी सवय तुम्हाला ठाऊक आहे. व्हिडिओ कॉलवर तुमच्यातल्या थोरलीला विचारले. तिने फार छान सांगितले, आणि घोटाळा तिथेच झाला. प्रोटीन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी. वीस प्रकारच्या कड्या, एकीत एक अडकवलेल्या. पण साखळी सरळ राहत नाही, ठरल्या तऱ्हेने वळते, दुमडते, आणि तिचे काम त्या आकारावर अवलंबून असते. उष्णता लागली किंवा आंबट पडले की घड्या उलगडतात.

"अंडं उकडल्यावर पांढरं घट्ट होतं ना आजी, तसं. मग ते परत पहिल्यासारखं होत नाही."

अंडे उकडताना मी जन्मात पाहिलेले नाही. मला आठवले ते फाटलेले दूध. आपल्या घरी ते अपशकुन म्हणून मोरीत ओततात. आणि आपली आमटी? कुकरमध्ये डाळ, वर चिंचेचा दाट कोळ. उष्णता आणि आंबट, दोन्ही! म्हणजे एवढी वर्षे मी यांना मोडलेले प्रोटीनच वाढत होते की काय?

दुसऱ्या दिवसापासून कुकर बंद. रामनवमीला करतो तशी भिजवलेल्या कच्च्या मूगडाळीची कोशिंबीर, सकाळ-संध्याकाळ. त्यात लिंबूही नाही.

"अय्यो, रोज रामनवमी?" आजोबा ताट बघून म्हणाले. "भातावर घ्यायला चिंचेचं सारूसुद्धा नाही?"

"घड्या उलगडतात."

"कुणाच्या? माझ्या पोटात गॅस झालाय, त्याचं बघ आधी."

ते अर्धे ताट टाकू लागले. पट्टी बदलायला येणारी नर्स म्हणाली, जखम आहे तशीच आहे. मी घाबरले. पुन्हा फोन लावला, केले ते सगळे सांगितले. थोरली आधी हसली, मग माझा चेहरा पाहून थांबली.

"आजी, पोटात आम्लच असतं. घड्या तिथे उलगडायच्याच. मग पाचक रस कड्या सुट्या करतात. शिजवलेलं असलं की ते सोपं जातं. त्याच कड्यांतून शरीर स्वतःची साखळी बांधतं."

"मग आकार महत्त्वाचा म्हणालीस तो?"

"डाळीचा डाळीला. आजोबांचा आजोबांना."

त्या दुपारी तुरीची आमटी केली, चिंच घालून. यांनी दोनदा मागून घेतली. पण मला काही केल्या उलगडेना. सुट्या झालेल्या कड्यांना कोण सांगते, तुम्ही आता मांडीची कातडी व्हा म्हणून?

"ती विचारपूस नंतर कर," आजोबा म्हणाले. "आधी भात वाढ."

पुढे बरेच दिवस रोज आमटी, रोज दही. मग एका सकाळी पट्टी सुटली तेव्हा मी चष्मा लावून वाकून पाहिले. जखमेच्या कडांना कोवळी गुलाबी कातडी आली होती. तिच्यात मला डाळ काही दिसली नाही. नर्सने नव्या पट्टीचे कापड नेहमीपेक्षा लहान कापले.